आत्याची सही

आमच्या गल्लीत माझ्या आत्याला सगळे 'सहीवाली' म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट ती जरा ताठच व्हायची. तीस वर्षं तिने शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले, आणि निवृत्त झाल्यावर नोकरीतलं तिच्याकडे उरलं काय, तर ती सही. डाव्या हाताने केलेली, मागे झुकलेली, शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके. कुणाचा भाडेकरार, कुणाच्या मुलाचा पासपोर्टचा अर्ज, कुणाची घटस्फोटाची कागदपत्रं. जिथं 'साक्षीदार' असं छापलेलं असेल त्याच्यापुढे गल्लीतल्या निम्म्या कागदांवर आत्या.

कागद ती कधी वाचायची नाही. "वाचणं माझं काम नाही," म्हणायची. "माणसाने माझ्यासमोर सही केली की नाही, तेवढं बघणं माझं काम." आणि ते ती असं टक लावून बघायची की सही करणाऱ्याचा हात अवघडायचा. मी लहानपणी तिच्यापुढे प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकून पाहिली होती. एकदाच.

बाबा नळकाम करायचे. लोकांनी काढून टाकलेले नळ ते घरी आणायचे, दुरुस्त करायचे आणि बसवायचे. त्यामुळे आमच्या घरात कुठलेही दोन नळ सारखे नव्हते, आणि पाहुण्याला बाथरूममध्ये सोडण्याआधी त्याची शिकवणी घ्यावी लागायची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ चारचा. आत्या महिनाभर म्हणून आली आणि मागच्या खोलीत छत्तीस वर्षं राहिली. बाबांनी त्या खोलीतलं बेसिन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवून नळ डाव्या हाताला घेतला, बहिणीला सोयीचा पडावा म्हणून. त्या दोघांनी एकमेकांचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. एवढा नळ मात्र होता.

बाबा गेल्यावर त्यांचं मृत्युपत्र घेऊन वकीलबाईंकडे मीच गेले, कारण त्याची अंमलबजावणी त्यांनी माझ्यावर सोपवली होती. का, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "धाकटा रडेल, तू भांडशील. कागदाच्या कामाला भांडणारं माणूस बरं." घर धाकट्याला दिलं होतं. मला माझं दोन खोल्यांचं घर घेताना त्यांनी हातभार लावला होता, तेव्हा हिशेब सरळ होता. तरी खोटं कशाला बोलू, वाचताना मला हेवा वाटलाच. मग पुढचं कलम वाचलं आणि तो ओसरला. 'मागची खोली माझ्या बहिणीची, ती हयात असेपर्यंत. तिला कोणी उठवू नये. खोलीतला नळ डाव्या हाताला आहे तो तसाच ठेवावा.'

वकीलबाईंची कचेरी एका बुटांच्या दुकानाच्या वर होती आणि जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास यायचा. बाईंच्या चष्म्याचा नंबर बदलायला झाला होता. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काढल्यामुळे मला माणसाच्या तोंडाआधी हे दिसतं. त्यांनी कागद हातभर लांब धरून शेवटच्या पानावरच्या सह्या पाहिल्या.

"पहिला साक्षीदार कोण?"

"समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तो बाबांच्या आधीच गेला."

"आणि दुसरी?"

"आत्या."

"आणि मागची खोली दिलीय ती?"

"तीच. मला एकच आत्या आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला ते दोनदा ऐकावं लागलं. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाकी मृत्युपत्र शाबूत राहतं, घर धाकट्याचंच होतं. फक्त आत्याचं कलम गळून पडतं. तिथं ते लिहिलेलंच नाही असं धरायचं.

"पण तिला काही मिळत नव्हतंच," मी म्हटलं. "ती आधीपासून तिथं राहतेच आहे."

"सगळे हेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजूनही मान वर करता येत नाही. बाबांनी तीन वर्षांपूर्वी सही केली तेव्हा दुसरा साक्षीदार कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. तो ऐनवेळी तापाने पडला. बाबांनी मला दुकानात फोन केला. माझ्या पुढ्यात एक गिऱ्हाईक सातवी फ्रेम चढवून आरशात तोंड वाकडं करत होतं, आणि माझा जीव मेटाकुटीला आला होता. बाबा विचारत होते, आता कुणाला बोलावू? मी म्हटलं, "काखेत कळसा नि गावाला वळसा! घरात सहीवाली बसलीय, तिला घ्या की." बाबा हसले. म्हणाले, "खरंच की." आणि फोन ठेवला. त्यांच्या मृत्युपत्राला मी लावलेला हातभार तो एवढाच.

त्यांनाही सुचलं नाही. बहिणीला राहती खोली देणं म्हणजे काहीतरी देणं आहे, हेच आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आत्याने नेहमीप्रमाणे कागद वाचला नव्हता.

धाकटा दोन दिवसांसाठी आला. तो वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मला नीट भांडता आलं असतं. घर विकून त्याच्या शहरात मोठी जागा घ्यायचं त्याच्या नि भावजयीच्या मनात होतं, मुलं मोठी होत होती. बैठकीच्या खोलीत तो हातातला कप फिरवत बसला होता.

"ताई, कलम असतं ना, तर मी घराला हात लावला नसता. शपथ."

"आता काय बदललं? बाबांची इच्छा बदलली?"

"तसं नाही गं. पण कायद्यानेच नाही म्हटल्यावर... गिऱ्हाईक रिकामं घर मागतंय. आणि मी तिला रस्त्यावर टाकतोय का? चांगली जागा बघितलीय. डॉक्टर असतो, जेवण वेळेवर, खोलीत फक्त तिघी."

"तुला बुटाची नाडी बांधायला कोणी शिकवलं?"

"ताई, प्लीज."

"नाही, सांग तरी."

मागच्या खोलीत नळ चालू होता तो बंद झाला, म्हणजे आत्या ऐकत होती. धाकट्याचे डोळे भरून आले. बाबा म्हणाले होते तसंच. तो रडला, मी भांडले, आणि त्याने काहीच फरक पडला नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. तिला माझ्याकडे घेऊन जाते, असं त्या क्षणी मी म्हणू शकले असते. माझ्या दोन खोल्यांत मी, नवरा आणि एका खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. हे कारण खरं होतं. पण ते कारण मनात तयार होऊन बसलं होतं, कुणी विचारायच्या आधीच, हे मला आवडलं नाही.

मी परत वकीलबाईंकडे गेले. काही मार्ग आहे का, म्हणून हटून बसले. बाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की मृत्युपत्र खरं आहे हे ठरवून घ्यायला एका तरी साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावं लागतं. कंपाउंडर नाही, म्हणजे सगळं आत्याच्या तोंडावर. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर होते, दोघांच्या देखत सही झाली, असं ती म्हणाली तर मृत्युपत्र उभं राहतं.

"आणि तसं नव्हतं, किंवा आठवत नाही म्हणाली तर?"

"तर सगळंच पडतं. मग मृत्युपत्र नाहीच असं समजून घर दोन्ही मुलांत निम्मं निम्मं. तुमच्या सहीशिवाय विकता येणार नाही." मग त्यांनी चष्मा चढवला. "मी काही सुचवत नाहीये. तुमची नेमणूक मृत्युपत्र पाळायला आहे, पाडायला नाही."

सुचवत नव्हत्या म्हणे. जिना उतरताना मला चामड्याचा वाससुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याकडे गेले. ती मागच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून वाटाणे सोलत होती. ती खोली म्हणजे एक पलंग, एक पत्र्याची पेटी, कचेरीतून निवृत्त होताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि तो नळ. मी तिच्याशेजारी बसून दोन शेंगा सोलल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही, पण त्या दिवशी लपवलं.

"आत्या, कोर्टात विचारतील, तू आणि कंपाउंडर एकाच वेळी होतात का."

"होतो."

"नीट आठवून बघ."

"आठवायचं काय त्यात? बुधवार होता. कंपाउंडर दवाखाना बंद करून आला, त्याच्या हाताला औषधाचा वास येत होता. दादाने पहिलं पेन झटकलं, ते चाललं नाही, मग माझं घेतलं. आधी दादाची सही, मग त्याची, मग माझी. चहा गार झाला होता."

"समज, तुला हे आठवत नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "मी कशाला समजू? मला आठवतंय."

मग मी सगळं सांगितलं. मृत्युपत्र पडेल, घर दोघांचं होईल, मी सही देणार नाही, तू इथंच राहशील. खोटं बोलायचंही नाही, फक्त 'आता आठवत नाही' एवढं. तुझं वय चौऱ्याहत्तर, कुणीही विश्वास ठेवेल.

"आणि अर्धं घर तुझं होईल," आत्या म्हणाली.

"ते तुझ्यासाठी गं."

"मला माहीत आहे." तिने रिकामी साल बाजूला टाकली. "तुला माहीत आहे का?"

माझं डोकं भडकलं. मी उठले, नको ते बोलले. म्हटलं, इथं तुझं छप्पर जातंय आणि तू मला तपासतेस? बाहेर पडेपर्यंत बोलत होते. पण दारात पाय अडला, कारण उत्तर मला खरोखरच माहीत नव्हतं. आजही नाही. आत्यासाठी म्हणून ते घर वाचवताना त्यातल्या निम्म्यावर माझी नजर अजिबात नव्हती असं शपथेवर विचारलं, तर मी काय सांगेन?

मी परत आत गेले. ती तशीच बसली होती.

"त्या सगळ्या लोकांनी माझ्याकडून सह्या का घेतल्या?" ती म्हणाली. "मी शहाणी म्हणून नाही. मी जे बघितलं ते नंतरही तेच सांगेन म्हणून. आता माझी खोली आहे म्हणून मला आठवत नाही? मग बाकीच्यांच्या कागदांचं काय?"

"खड्ड्यात गेले बाकीच्यांचे कागद."

"आणि दादाचा? त्याने माझ्यासमोर सही केली. ती केली नाही म्हणू?"

"त्याच दादाने तुला खोली दिलीय, आत्या. त्याचीच इच्छा मोडतेय यात."

मग हात पुसून ती म्हणाली, "ते काय लिहिलंय, परत वाच बघू."

मी पिशवीतून प्रत काढून वाचली. मागची खोली माझ्या बहिणीची. तिला कोणी उठवू नये. नळाच्या ओळीशी आल्यावर ती मान वळवून नळाकडे बघायला लागली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मला बोलला नाही कधी," ती म्हणाली.

"माझ्याकडे चल मग," मी म्हटलं. शेवटी म्हटलं एकदाचं.

"कुठे? तुझ्या सासूच्या पायाशी?" ती हसली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "विचारलंस, पुरे झालं." मला हायसं वाटलं. ते तिच्या हाताला कळलं असणार, कारण तिने तो लगेच काढून घेतला.

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. तिथल्या साहेबांना सर्दी झाली होती आणि ते दर दोन वाक्यांनी रुमाल काढत होते. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, मी वकीलबाईंच्या शेजारी. आत्याने कचेरीत जाताना घालायची ते राखाडी कपडे इस्त्री करून घातले होते. साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मृत्युपत्र करणाऱ्याने तुमच्या देखत सही केली?"

"केली."

"दुसरे साक्षीदार त्या वेळी तिथं होते?"

इथं ती क्षणभर थांबली. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं टेबलाच्या कडेवर होती आणि हलत नव्हती. माझ्या मनात मी एकच शब्द म्हणत होते, 'नाही', आणि मला वाटतं भिंतीपाशी उभा धाकटाही त्या क्षणी तोच म्हणत असावा. त्याने मान खाली घातली होती.

"होते," आत्या म्हणाली. "माझ्या उजव्या हाताला उभे होते."

साहेबांनी नाक पुसलं. "या साक्षीमुळे तुमच्या नावची तरतूद रद्द होते, याची कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे."

"काय बोलायचं ते कुणी शिकवून पाठवलंय का?"

"शिकवलं होतं," आत्या म्हणाली. "लक्षात राहिलं नाही."

साहेब हसले. टंकलेखकही हसला. मी टेबलावरच्या रुळाकडे बघत राहिले, आणि असं वाटलं की आता ही जमीन जरा फाटली तर फार उपकार होतील.

पुढचं सगळं भराभर झालं. अशा कामांना एरवी वर्षं लागतात म्हणतात, पण जे होऊ नये असं वाटतं ते वेळेवर होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ऐकलं होतं. इथं नळसुद्धा फिरले. घर घेणाऱ्या जोडप्याच्या माणसाने एका सकाळी येऊन सगळे पाहिले आणि वहीत लिहिलं, 'सर्व बदलणे.' मागची खोली पाडून तिथं त्यांना गाडी लावायची होती.

ताबा द्यायच्या दिवशी धाकटा आला नाही. त्याचा फोन आला होता, आवाज बसलेला. मृत्युपत्राची जबाबदारी माझ्यावर, तेव्हा घर रिकामं करून किल्ल्या देणंही माझ्यावर. आत्याची पेटी, गादीची वळकटी आणि घड्याळ दारात आणून ठेवलं होतं. तिला त्या जागेत पोचवायला गाडी साडेअकराला येणार होती. तिचा पलंग खिडकीपासून तिसरा होता, मी जाऊन पाहून आले होते. बेसिन तिघींत एक, आणि नळ उजव्या हाताला.

घर घेणाऱ्यांचा एजंट तरतरीत माणूस होता. रिकाम्या बैठकीच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर त्याने कागद पसरले आणि किल्ल्या एकेक करून वाजवून घेतल्या. मागून पाण्याचा आवाज आला, मग थांबला. आत्या हात पुसत बाहेर आली.

"ताबा दिल्याच्या कागदावर एक साक्षीदार लागेल," एजंट म्हणाला. "माझा माणूस आज आलाच नाही. शेजारी कुणी मिळेल का?"

मी बोलावून आणते म्हणून वळले. खरंच वळले होते.

"मी आहे की," आत्या म्हणाली.

एजंटने तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या पेटीकडे पाहिलं, आणि त्याला काही कळलं नाही. "चालेल की, आजी. फक्त एक विचारावं लागतं, नियम आहे. या घरात तुमचा काही हक्क, काही हितसंबंध?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पर्समधून स्वतःचं पेन काढलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मग ती कागदाशी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू आधी कर. मला बघू दे."

मी सही केली. ती टक लावून बघत होती, आणि माझा हात इतका अवघडला की माझंच नाव लिहिताना मला दोनदा पेन उचलावं लागलं. मग तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि माझ्याखाली सही केली, मागे झुकलेली, शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके. तिने कागद वाचला नाही. शाई वाळेपर्यंत तो धरून उभी राहिली आणि मग एजंटच्या हातात दिला.